एका खाटेची खोली

परसात खोली बांधावी हे पहिल्यांदा मीच सुचवलं. पुढे त्या खोलीवरून घरात जे काही झालं त्यात ही गोष्ट सगळे विसरले. मी विसरलेले नाही.

आमचं घर प्रभादेवीतल्या एका गल्लीत. बैठं, पूर्वी कौलारू, आता वर सिमेंटचे पत्रे. पुढे ओटा, मग बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने दोन पायऱ्या उतरलं की परसदार. तिथे दाराला लागून पत्र्याची पडवी, एक नारळ, जास्वंद, बुजवलेली विहीर आणि धुण्याचा दगड. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले तसं दुपारनंतर ऊन यायचं बंद झालं, पण जागा होती ती राहिली. मी लालबागच्या चाळीत एका खोलीत वाढले. माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आई गॅलरीत उभी राहून शेजारणींना सांगत होती, "पोरीच्या सासरी परसदार आहे हो!" मुलाची नोकरी, शिक्षण, ते सगळं त्याच्यानंतर.

सासरे गिरणीत जॉबर होते, कामगारांवरचे मुकादम. मी लग्न होऊन आले तोवर गिरणी बंद पडली होती आणि ते ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागले होते. गल्ली त्यांना आबा म्हणायची. जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करायचे, पोरांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचे, मंडळाच्या गणपतीचा पहिला नारळ त्यांच्या हातून फुटायचा. मंगळवारी सिद्धिविनायकाला निघालेली माणसं वाट चुकून आमच्या गल्लीत शिरली की आबा त्यांना थांबवून पाणी पाजायचे. म्हणजे ते खुर्चीतून हाक मारायचे, "ए, पाणी आण," आणि सासूबाई तांब्या-भांडं घेऊन बाहेर यायच्या. पुण्य आबांचं, तांब्या सासूबाईंचा.

त्यांनी सासूबाईंवर हात उचललेला मी कधी पाहिला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे नणंदेने भर बैठकीत तेच विचारलं होतं. आबांचा जाच वेगळा. बायकोला नावाने हाक नाही, 'ए' म्हणायचं. दुसऱ्या 'ए'ला ती समोर दिसली पाहिजे. चहा समोर ठेवला की पेपर वाचत बसायचे आणि निवला म्हणून परत पाठवायचे. पेडवे असोत की पाला, माशाचे काटे तिने काढून द्यायचे, मग हे जेवणार, आणि हे जेवत असताना तिने जवळ उभं राहायचं. सासूबाई ताटावर बसल्या की हमखास त्यांना काहीतरी लागायचं. चष्मा, पंखा, बडीशेप. सासूबाईंची थोरली बहीण मालवणला वारली तेव्हा त्या बाराव्याला जाते म्हणाल्या. आबांनी विचारलं, "मग हय जेवणाचा काय?" एवढंच. सासूबाईंनी बांधलेली पिशवी सोडली आणि आतले लाडू डब्यात भरून ठेवले.

मी हे सगळं वीसेक वर्षं बघत होते. माझे वडीलही आईला असंच राबवायचे. त्यामुळे मला त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं.

मुलगी बारावीत गेली आणि आमची जागेची अडचण सुरू झाली. आतल्या खोलीत सासू-सासरे, बाहेर आम्ही दोघं, मुलगी स्वयंपाकघरात ओट्याखाली पुस्तकं पसरून बसायची. आबांना कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यांचा टीव्ही गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. एका संध्याकाळी मुलगी पुस्तक मिटून रडायलाच लागली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, परसात एक खोली काढू या ना. आई-आबांना. संडास-मोरी जवळ, जिना नाही, काही नाही. दिवसभर ओट्यावर बसू देत, झोपायला मागे."

नवऱ्याला पटलं. तो गोदीत नोकरीला होता, हिशोबी माणूस. "बांधकाम म्हणायचं नाही," तो म्हणाला, "पडवीची दुरुस्ती म्हणायचं."

रविवारी नणंद ठाण्याहून आली. जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. नणंदेचा विरोध होता. "बिल्डर आला की ती खोली मोजणारच नाहीत," ती म्हणाली. "फुकट खर्च."

"बिल्डर येतोय, बिल्डर येतोय, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय," नवरा म्हणाला. "पोरीची बारावी काय बिल्डरसाठी थांबणारे?"

आबा रागावले. "म्हणजे मी माझ्या घरात मोरीच्या शेजारी जाऊन पडायचं?"

त्यांची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. टीव्ही तिकडे लावू, मोठा लावू. खिडकी नारळाच्या बाजूला काढू. आबा हळूहळू मऊ व्हायला लागले, नवीन टीव्ही किती इंचांचा असं विचारायला लागले. सासूबाई दारात आडाळीवर नारळ खोवत बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. कवड बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "खोली बांदा. पण खाट एकच घाला."

नवऱ्याला वाटलं त्या जमिनीवर झोपणार म्हणतायत. "अगं, दोन सिंगल बेड बसतात आरामात."

"एकच," त्या म्हणाल्या. "माझी. मी एकटी रवतलंय. ते हयसर रवांदेत, तुमच्यावांगडा."

आबांना नीट ऐकू आलं नव्हतं, त्यांनी मुलाकडे बघून विचारलं, "काय म्हणते?" नवऱ्याने सांगितलं नाही. मग सासूबाईंनीच आवाज चढवून सांगितलं, "मी तुमच्यावांगडा रवाचंय नाय म्हणतंय. आता पुरे झाला."

आबा हसले. खरंच हसले, मांडीवर थाप मारून. "म्हातारचळ लागला हिला," म्हणाले, आणि चहा टाकायला सांगितला. सासूबाई उठल्या नाहीत. चहा मी टाकला.

नणंद स्वयंपाकघरात माझ्या मागे आली आणि रडायला लागली. "माझ्या सासरी काय सांगू मी? आईने या वयात नवरा सोडला?" मग बाहेर जाऊन आईपुढे उभी राहिली. "आबांनी कधी हात उचलला तुझ्यावर? दारू प्यायले? बाहेर काही केलं? मग?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या.

"मग?"

सासूबाई उठल्या. खोवलेला नारळ ताटलीत घेऊन आत आल्या.

लोक ही गोष्ट ऐकतात तेव्हा इथे त्यांचे डोळे भरतात. माझे भरले नाहीत. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मग आबांचं कोण बघणार? भांडी आवरताना मी तो बोलून दाखवला. "आई, तुम्ही मागे गेलात तर त्यांचं जेवण, औषधं, अंघोळीचं पाणी..."

"तुझ्या नवऱ्याक सांग."

"हे करतील असं वाटतं तुम्हाला?"

"माका काय वाटूचा नाय," त्या म्हणाल्या. "मी पन्नास वर्षां केलंय."

ठरवाठरवी तिथेच अडकली. नवरा म्हणाला, दोघं जाणार असतील तर बांधतो, नाहीतर नाही. आबा म्हणाले, त्यांच्या जागेत त्यांच्या बायकोसाठी वेगळी चूल मांडली जाणार नाही. नणंद रोज फोन करून आईला समजवायची आणि फोन ठेवला की मला करायची. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी आपली चटई, उशी, गोधडी आणि औषधांची पिशवी उचलली आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवली. वर गळका पत्रा, बाजूला धुण्याचा दगड, डास तर विचारू नका. त्या तिथे झोपायला लागल्या. स्वयंपाकाला आत यायच्या, सगळ्यांचं करायच्या, पण आबांचं ताट वाढून मुलीच्या हाती द्यायच्या. 'ए' आली की ऐकूच आलं नाही अशा.

नवऱ्याने पहिले काही दिवस दुर्लक्ष केलं. पण मागच्या टॉवरच्या खिडक्या बरोबर आमच्या पडवीवर उघडतात. तिथल्या एका बाईने वाण्याच्या दुकानात मला विचारलं, "तुमच्याकडे आजी बाहेर झोपतात का?" मग गोदीतल्या कुणीतरी नवऱ्याला विचारलं. महिन्याभरात त्याने मिस्त्री आणला. आईची कीव आली म्हणून नाही, टॉवरमधली माणसं बघतात म्हणून ती खोली झाली.

मिस्त्री आल्यावर दाराचा वाद निघाला. नवऱ्याचं म्हणणं, दार स्वयंपाकघराकडे असावं, म्हणजे हाक मारली की ऐकू येईल. सासूबाईंना दार मागच्या बोळाकडे हवं होतं, त्याच कारणासाठी. शेवटी मिस्त्रीच कंटाळला. "मावशी, मालक, दोघं ठरवा, मग बोलवा," म्हणून हत्यारं घेऊन चालता झाला. दार बोळाकडेच निघालं, पण नवऱ्याने स्वयंपाकघराच्या बाजूला एक खिडकी काढायला लावली. सासूबाईंनी तिला पहिल्या दिवशीच आतून पडदा शिवून लावला. दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात छोटी मोरी, एक गॅसची शेगडी, देवाचा फोटो आणि एक खाट.

आबांनी अबोला धरला होता तो एका अटीवर सोडला. खोलीत बेल पाहिजे. त्यांच्या उशाशी बटण आणि तिच्या खोलीत बेल, म्हणजे काही कमीजास्त झालं तर बोलावता येईल. हे नवऱ्याला अगदी रास्त वाटलं. त्याने दादरहून बिनवायरची बेल आणली, भिंतीतल्या प्लगला लावायची, वीज गेली तरी आतल्या सेलवर चालणारी, चिमणीसारखी वाजणारी. सासूबाईंना न विचारता ती लावूनही टाकली.

त्या राहायला गेल्या त्या दिवशी दुपारी चहाच्या वेळेला चिमणी ओरडली. मी परसात कपडे वाळत घालत होते. सासूबाई दगडावर चादर धुवत होत्या. त्या उठल्या, ओल्या हाताने आत गेल्या. मला वाटलं, विजेला हात लावतात की काय. पण त्या पदराला हात पुसून बेल घेऊन बाहेर आल्या, साबणाच्या पाण्याच्या बादलीत सोडली आणि पुन्हा चादर घासायला लागल्या. बादलीच्या तळाशी ती थोडा वेळ कुईकुई करत होती. मला हसू आलं. त्याही हसल्या. आम्ही दोघी एकत्र हसलो असं ते बहुधा शेवटचं.

आत आबा बटण दाबत बसले होते. बराच वेळ दाबलं असणार. मग त्यांनी हाक मारली, "सूनबाई!"

'ए' आणि 'सूनबाई' यात फरक आहे. 'ए'चा राग तरी येतो. सूनबाई म्हटलं की काय करणार? आबा माझ्याशी फार गोड बोलायचे. "सूनबाई, तुला त्रास नाही ना, जरा गरम पाणी..." "सूनबाई, तू केलेला चहा म्हणजे..." आणि हा चहा निवला की परत. ओट्यावर बसून गल्लीला सांगायचे, "सुनेच्या रूपाने मला मुलगी मिळाली." शेजारणी मला म्हणायच्या, नशीबवान आहेस. मी सकाळी पाचला उठून त्यांचं पथ्याचं वेगळं करायचे, औषधं डबीत काढून ठेवायचे, नऊच्या आत फोर्टला विमा कंपनीच्या ऑफिसात पोचायचे, आणि परत आले की चप्पल काढायच्या आत बाजारातून आलेल्या माशांचे काटे. नवऱ्याला एकदा म्हटलं, काटे तरी तुम्ही काढून द्या. तो म्हणाला, "मला नाही गं जमत ते बारीक काम." गोदीत बारीक अक्षरात हिशोब लिहिणारा माणूस.

आणि मागे सासूबाई बदलत होत्या. दुपारी शेजारणींबरोबर शिवाजी पार्कात चक्कर मारून यायच्या. कट्ट्यावर बसून शेंगा खायच्या. मनाला येईल तेव्हा बांगडा तळायच्या, मनाला येईल तेव्हा नुसती पेज. अंगाने जरा भरल्या. मागच्या खिडकीतून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायचं. लग्न होऊन आल्यापासून मला ठाऊकच नव्हतं की या बाईला गाता येतं. मला त्यांचा हेवा वाटत होता की राग येत होता, हे मी तेव्हाही नीट सांगू शकले नसते.

मला ऑफिसात बढती देऊ केली, पनवेलच्या शाखेत. जाणं-येणं धरून दिवस संपला असता. घरी विचारलं तर नवरा म्हणाला, "तूच ठरव. पण आबांचं काय?" मी नाही म्हणून कळवलं आणि त्या संध्याकाळी तशीच मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

सासूबाई तव्यावर मासे परतत होत्या. "ये, बस," म्हणाल्या. "बांगडो खातस?"

"आई, मी बढती सोडली."

त्यांनी गॅस बारीक केला. "कित्याक?"

"आबांचं कोण बघणार म्हणून. तुम्ही सकाळचं तेवढं केलंत, नुसती औषधं आणि जेवण, तरी मला जमलं असतं."

"तू नाय म्हण."

"कोणाला?"

"तेंका. तुझ्या नवऱ्याक. नाय म्हणूचा नि गप रवाचा."

"मी नाही म्हटलं तर कोण करेल?"

"तां माका इचारू नको गो," त्या म्हणाल्या. "माकाय कोणी सांगूक नाय." आणि मासा उलटला.

त्यांचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्यांना परसदार होतं, खोली बांधून देणारा मुलगा होता, आणि मागे सगळं सांभाळणारी मी होते. माझ्या मागे कोण होतं? ते मी बोलले नाही. बांगडाही खाल्ला नाही.

त्या माणुसकी सोडून वागल्या असंही नाही. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरी पडून होते तोवर रोज आल्या, माझी वेणी घातली, मऊ भात भरवला. मी झोपलेली असताना पाय चेपत बसायच्या. पण शेजारच्या खोलीत आबा खोकून खोकून बेजार झाले तरी तो उंबरा त्यांनी ओलांडला नाही. मी पडल्या पडल्या म्हटलं, "आई, पाणी तरी द्या त्यांना." त्या म्हणाल्या, "मुलगो येयत आता." मुलगा आला, पाणी दिलं, आणि ते सांडलं म्हणून माझ्यावर ओरडला.

मुलगी बारावी झाली, इंजिनीअर झाली, बंगळुरूला नोकरीला गेली. ती गेली त्याच वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. परळच्या हॉस्पिटलातून घरी आणले तेव्हा उजवी बाजू पूर्ण गेली होती आणि वाचाही. सगळे शब्द गेले. उरला होता एकच आवाज, 'ए'. पाणी हवं असलं तरी ए, कूस बदलायची असली तरी ए, डास चावला तरी ए. डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ नाही, तोंडाला सवय असलेला तेवढाच एक आवाज शिल्लक राहिलाय. आम्ही माना डोलावल्या.

पुन्हा बैठक. तीच बाहेरची खोली, नणंद ठाण्याहून आलेली. "आई," ती म्हणाली, "आता तरी. ते हाक मारतात ती तुलाच. तुलाच बोलावतायत गं."

"म्हायत आसा," सासूबाई म्हणाल्या.

"इतका कसला राग?"

"राग नाय. माका तो आवाज ऐकूचो नाय. इतक्याच."

नवरा ताडकन उठला. इतके दिवस गप्प बसलेला माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज बोळापर्यंत गेला असेल. घरात आबांसाठी आणलेल्या हॉस्पिटलच्या मोठ्या खाटेला जागा नाही, वास येतो, पाहुणे यायला लागलेत, मुलीचं बघायचं चाललंय. म्हाताऱ्यांची म्हणून खोली बांधलीय तर आबा तिकडे जातील. "तुला त्यांच्याबरोबर राहायचं तर राहा," तो आईला म्हणाला, "नाहीतर तुझं तू बघ."

मला वाटलं, आता त्या भांडतील. ज्या बाईने बेल बादलीत बुडवली ती खोली सहज सोडणार नाही. त्यांनी काहीच केलं नाही. शनिवारी चार माणसं लावून आबांना मागे नेलं, तोवर त्यांनी आपली चटई, उशी, भांडी आणि देवाचा फोटो आणून स्वयंपाकघरात ठेवला होता. जाताना आबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

आबा त्या खोलीत दोन वर्षं जगले. दिवसा नर्सिंग ब्युरोची बाई यायची, सुट्टी बरीच घ्यायची. बाकीची वेळ माझी. डायपर, पाठीचे फोड, नळीने पातळ पेज. मी ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, कारण रजा उरली नव्हती. नवरा संध्याकाळी दारात उभा राहून विचारायचा, "आबा, बरं आहे ना?" आणि अंघोळीला जायचा. नणंद महिन्यातून एकदा फळं घेऊन यायची. आबांना फळं गिळता येत नव्हती.

पडदा शिवलेली ती खिडकी आता उलट्या बाजूने कामाला आली. 'ए' स्पष्ट ऐकू यायची. सासूबाई स्वयंपाकघरात बसून ती ऐकायच्या आणि हातातलं काम करत राहायच्या. ज्या आवाजापासून सुटायला ती खोली मागितली, त्याच खोलीतून तो दिवसभर यायचा. एकदा त्या कानात कापसाचे बोळे घालून भाजी चिरताना मला दिसल्या. मी हाक मारली तरी ऐकू आली नाही. माझा इतका संताप झाला की मी त्यांचा खांदा धरून हलवला. त्यांनी बोळे काढले आणि विचारलं, "गेले?"

"नाही," मी म्हटलं, "मिरच्या कुठे ठेवल्यात?"

आबा गेले तेव्हा गल्ली लोटली. मंडळाने बोर्ड लिहिला. माणसं मला म्हणाली, तू केलंस म्हणून इतके दिवस काढले त्यांनी. ती माझी स्तुती होती. सासूबाईंशी बायका धड बोलल्या नाहीत. तेरावं झाल्यावर नणंद निघताना आईला म्हणाली, "आता जा तुझ्या खोलीत. राहा सुखाने."

"आता कशाक?" सासूबाई म्हणाल्या. "आता घर गप्प आसा."

नणंद त्यानंतर दोन दिवाळ्या आली नाही.

आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. आतल्या खोलीत झोपतात. मागच्या खोलीत जुने पंखे, गणपतीची मखरं आणि ती हॉस्पिटलची खाट पडून आहे. बिल्डर खरंच आलाय, माणसं मोजमाप घेऊन गेली, आणि नणंद म्हणाली होती तसंच झालं, ती खोली त्यांनी धरली नाही. माझ्याबरोबर ऑफिसात लागलेली बाई मॅनेजर होऊन निवृत्त झाली. तिच्या निरोपसमारंभाला बोलावलं होतं. गेले नाही.

गेल्या महिला दिनाला मुलीने आजीचा फोटो टाकला, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचा, शेंगा खातानाचा. खाली लिहिलं होतं, माझी आजी सत्तराव्या वर्षी स्वतःसाठी उभी राहिली, परसात स्वतःची खोली बांधून घेतली, मला तिच्यासारखं व्हायचंय. शेकडो लोकांना आवडलं होतं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. बारावीचा अभ्यास जिथे बसून केला ती जागा त्यात होती, नारळ होता, बेलही होती. मी नव्हते.

"काय बगतस?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला, आपला फोटो निरखला आणि परत दिला.

"खोटां आसा," त्या म्हणाल्या. "मी खंय सुटलंय? मी ता तुझ्यार टाकलंय."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांत कोणी हे म्हणालं नव्हतं. पण मला एवढंच कळलं, की त्यांना हे तेव्हाही ठाऊक होतं. त्या दिवशी नारळ खोवताना, बांगडा उलटताना, कानात बोळे घालताना, पूर्ण ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी ते माझ्यावर टाकलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही टाकलं असतं. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, एवढाच काय तो फरक.

रात्री मुलीचा फोन आला. "आई, पोस्ट बघितलीस? तू लाईक नाही केलंस."

"बघते," मी म्हटलं. अजून केलेलं नाही.